लिनक्स सर्व्हरचा पासवर्ड विसरल्यास प्रशासकाचा ताबा परत कसा मिळवावा

लिनक्स सर्व्हरवरचा विसरलेला पासवर्ड शोधून काढता येत नाही, तो फक्त बदलता येतो. ही गोष्ट आधी मनाशी पक्की केली की पुढचा बराच गोंधळ आणि खर्च टळतो. मुळात पासवर्ड सर्व्हरवर साठवलेलाच नसतो. /ईटीसी/शॅडो या फाइलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ असते, त्या ओळीतले रकाने अपूर्णविरामाच्या चिन्हाने वेगळे केलेले असतात आणि दुसऱ्या रकान्यात पासवर्डवरून गणिती प्रक्रियेने काढलेला हॅश असतो. उबुंटू २२.०४ आणि डेबियन ११ यांमध्ये या प्रक्रियेसाठी यसक्रिप्ट ही पद्धत वापरली जाते, तर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ८ आणि ९ या आवृत्त्यांत एसएचए-५१२ वापरली जाते. दोन्हींमध्ये पासवर्डवरून हॅश निघतो, पण हॅशवरून उलट पासवर्ड निघत नाही. त्यामुळे ‘हरवलेला पासवर्ड दाखवून देतो’ असे सांगणाऱ्या कोणत्याही विकतच्या साधनाच्या मागे लागू नये. आपल्याला एवढेच करायचे असते, की यंत्रणेने पासवर्ड विचारण्याआधीच तिच्या आत शिरायचे आणि त्या दुसऱ्या रकान्यात नव्या पासवर्डचा हॅश लिहवून घ्यायचा.

हे शक्य होते ते सर्व्हर सुरू होण्याच्या क्रमामुळे. वीज आल्यावर फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर, जागे होते, ते ग्रब या बूटलोडरला, म्हणजे यंत्रणा सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाला, बोलावते, ग्रब कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, मेमरीत आणतो, आणि कर्नल आपली सुरुवातीची तयारी झाली की एक पहिली प्रक्रिया चालू करतो, जिचा क्रमांक नेहमी १ असतो. एरवी ही पहिली प्रक्रिया सिस्टमडी असते आणि लॉगिनचा पडदा, नेटवर्क, डेटाबेस, वेबसर्व्हर अशी बाकी सगळी मंडळी तिच्या मागून उभी राहतात. मात्र कर्नलला पहिली प्रक्रिया कोणती चालवायची हे बाहेरून सांगता येते. त्या जागी बॅश, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा कार्यक्रम, चालवायला सांगितले, तर बॅश थेट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासक खात्याच्या, अधिकाराने उघडते, कारण पासवर्ड विचारणारे कोणी अजून जागेच झालेले नसते. या लेखातली मुख्य पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

कमांड लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक खुलासा करतो. या कामात बहुतेक वेळा एक जण सर्व्हरच्या खोलीत की-बोर्डसमोर उभा असतो आणि जाणकार माणूस दुसऱ्या गावातून त्याला फोनवर सांगत असतो. म्हणून येथे प्रत्येक कमांड जशी मोठ्याने वाचून सांगता येईल तशी, उच्चारानुसार लिहिली आहे आणि जेथे चूक होण्याचा संभव आहे तेथे अक्षरे सुटी करून दिली आहेत. टाइप करताना सर्व अक्षरे इंग्रजी वर्णमालेतली आणि लहान लिपीतली असावीत.

परवानगी आणि तयारी

सर्व्हर स्वतःच्या मालकीचा नसेल, तर काम सुरू करण्यापूर्वी मालकाची किंवा संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. त्यासाठी एक साधा ईमेलही पुरतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या अनुमतीशिवाय संगणकात प्रवेश करणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य मानले आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे केले असल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘मीच तर हा सर्व्हर बसवला होता’ हे सांगणे नोकरी सोडल्यानंतर उपयोगी पडत नाही.

या कामासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावाच लागतो, म्हणून त्यावर कोणकोणत्या सेवा चालतात आणि त्या किती वेळ बंद राहिलेल्या चालतील हे आधी विचारून घ्यावे. एक तासाची मुदत मागावी. प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचे असले, तरी जो सर्व्हर दोन-तीन वर्षे एकदाही बंद झालेला नाही तो सुरू होताना डिस्कची तपासणी करत बसू शकतो, किंवा एखादी जुनी, दुर्लक्षित बिघाडाची गोष्ट त्याच वेळी वर येऊ शकते. सर्व्हर आभासी, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने चालणारा, असेल तर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची प्रत, घ्यावा. प्रत्यक्ष यंत्र असेल तर शेवटचा बॅकअप कधीचा आहे हे पाहावे, आणि बॅकअपच नसेल तर तो प्रश्न पासवर्डपेक्षा मोठा आहे हे मालकाला स्पष्ट सांगावे.

सर्व्हर बंद करताना, आत शिरता येत नाही म्हणून, थेट वीज तोडू नये. पॉवरचे बटण एकदाच, हलकेच दाबून सोडले तर बहुतेक यंत्रणा ती सूचना ओळखतात आणि सेवा व्यवस्थित थांबवून बंद होतात. बटण चार-पाच सेकंद दाबून धरणे म्हणजे वीज तोडणेच होय, आणि चालू डेटाबेसवर त्याचा परिणाम काय होईल हे सांगता येत नाही.

बंद करण्याआधी पाहण्याच्या गोष्टी

पासवर्ड खरोखरच विसरला आहे, याची खात्री केल्याशिवाय सर्व्हरला हात लावू नये. आपल्याकडे हमखास आढळणारे एक कारण म्हणजे की-बोर्डची मांडणी. ज्या संगणकावर मराठीसाठी इनस्क्रिप्ट वापरले जाते, तेथे भाषा बदलायची राहून गेली तर पासवर्डच्या जागी देवनागरी अक्षरे जातात, आणि पासवर्ड पडद्यावर दिसत नसल्यामुळे ते लक्षातही येत नाही. वापरकर्त्याचे नाव टाकण्याच्या जागी पासवर्ड एकदा टाइप करून पाहिला, तर हा दोष एका क्षणात कळतो. तो पाहून झाला की लगेच खोडून टाकावा आणि एंटर मात्र दाबू नये, नाहीतर तोच पासवर्ड सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, जाऊन बसतो.

दुसरे कारण म्हणजे खाते कुलूपबंद होणे. रेड हॅट घराण्यातल्या यंत्रणांवर फेललॉक हे मॉड्यूल चालू केलेले असेल, तर मूळ मांडणीप्रमाणे तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटे बंद राहते. त्या काळात अगदी बरोबर पासवर्डही नाकारला जातो आणि माणूस घाबरून आणखी चुकीचे पासवर्ड टाकत सुटतो. पंधरा मिनिटे शांत बसून एकदाच, सावकाश प्रयत्न करावा.

त्यानंतर आत जाण्याची दुसरी एखादी उघडी वाट आहे का ते पाहावे. उबुंटूवर सुडो या गटातला, आणि रेड हॅट, रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर व्हील या गटातला, म्हणजे सुडो या कमांडने रूटचे अधिकार वापरण्याची मुभा असलेला, दुसरा एखादा माणूस असेल, तर तो स्वतःच्या खात्यातून ‘सुडो पासडब्ल्यूडी’ आणि त्यापुढे पासवर्ड विसरलेल्या खात्याचे नाव एवढी एकच कमांड देऊन काम संपवू शकतो. एखाद्या सहकाऱ्याच्या संगणकावर रूटचे सत्र उघडेच राहिलेले असते. बॅकअपसाठी किंवा अँसिबल या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या साधनासाठी केलेले एखादे खाते एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची पद्धत) किल्लीने आत जाते आणि त्याला पासवर्डशिवाय सुडोची मुभा असते. डॉकर गटातल्या, म्हणजे कंटेनर (सर्व्हरवर वेगळे चालणारे कप्पे) चालवण्याची मुभा असलेल्या, वापरकर्त्याचाही अधिकार व्यवहारात रूटइतकाच असतो, कारण तो सर्व्हरची संपूर्ण डिस्क एखाद्या कंटेनरमध्ये जोडून घेऊ शकतो. यांपैकी एक जरी वाट सापडली तरी सेवा बंद करण्याची गरज उरत नाही.

ग्रबमधून आत जाणे

वरचे सारे करून झाले आणि वाट सापडली नाही, तर सर्व्हरला पडदा आणि की-बोर्ड जोडावा. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये दुरून पडदा दाखवणारी वेगळी सोय असते, जसे डेलचे आयड्रॅक किंवा एचपीईचे आयएलओ. तिचा पासवर्ड सर्व्हरच्या पासवर्डपासून स्वतंत्र असतो, त्यामुळे तो माहीत असेल तर सर्व्हरच्या खोलीत जाण्याचीही गरज पडत नाही.

सर्व्हर सुरू केल्यावर ग्रबचा मेनू दिसला पाहिजे. उबुंटूवर तो बहुधा लपवलेला असतो. जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रावर शिफ्टची कळ दाबून धरावी, आणि यूईएफआय पद्धतीच्या यंत्रावर उत्पादकाचे बोधचिन्ह जाताच एस्केपची कळ एकदा दाबावी. ती पुन्हा पुन्हा दाबली तर मेनूच्याही पलीकडे जाऊन ग्रबची रिकामी ओळ समोर येते. तसे झाल्यास ‘रीबूट’ टाइप करून पहिल्यापासून सुरुवात करावी. मेनू दिसताच वर किंवा खाली जाण्याची एखादी कळ दाबावी, म्हणजे उलटी मोजणी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो.

पहिल्या ओळीवर पट्टी असताना ई हे अक्षर दाबावे. आता पडद्यावर काही ओळींचा मजकूर येतो. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी आणि पुढे कर्नलच्या फाइलचे नाव असणारी ओळ शोधावी. ही ओळ लांब असल्यामुळे पडद्यावर दोन किंवा तीन ओळींत मोडलेली दिसते, आणि मोडलेल्या जागी उलटी तिरकी रेघ दिसते. ती रेघ मजकुराचा भाग नसते, ती खोडू नये. येथे केलेला बदल फक्त या एका सुरुवातीपुरता असतो आणि डिस्कवर काहीच लिहिले जात नाही, त्यामुळे चूक झाल्यास एस्केप दाबून किंवा सर्व्हर पुन्हा सुरू करून मोकळे होता येते. फोनवर मदत करणाऱ्याने समोरच्या माणसाला हे आधी सांगावे. त्याचे हात थरथरायचे थांबतात.

त्या ओळीत तीन बदल करायचे असतात. पहिला बदल म्हणजे ‘आरओ’, म्हणजे आर आणि ओ ही दोन अक्षरे जेथे स्वतंत्र शब्द म्हणून आली आहेत, तेथे ‘आरडब्ल्यू’ करावे. आरओचा अर्थ डिस्क फक्त वाचता येईल असा आहे आणि आपल्याला तिच्यावर लिहायचे आहे. दुसरा बदल म्हणजे ‘क्वाएट’, ‘स्प्लॅश’ आणि ‘आरएचजीबी’ हे शब्द असतील तर ते काढून टाकावेत, म्हणजे सुरू होताना येणारे संदेश दिसत राहतात. याच वेळी ‘कन्सोल=’ ने सुरू होणारे शब्द दिसले तर तेही खोडावेत. हा तपशील अनेक ठिकाणी सांगितलेला नसतो आणि त्यामुळे बराच वेळ वाया जातो: ओळीत सिरियल पोर्टचे कन्सोल शेवटी नोंदवलेले असेल तर बॅश तिकडे उघडते, आणि समोरच्या पडद्यावर काहीच न दिसल्याने सर्व्हर अडकला आहे असे वाटते. तिसरा बदल म्हणजे ओळीच्या अगदी शेवटी एक जागा सोडून ‘इनिट=/बिन/बॅश’ असे लिहावे. सुटी अक्षरे सांगायची तर आय-एन-आय-टी, बरोबरचे चिन्ह, तिरकी रेघ, बी-आय-एन, तिरकी रेघ, बी-ए-एस-एच. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नये.

आता कंट्रोल आणि एक्स एकत्र दाबावे, किंवा एफ१० दाबावे. संदेशांची रांग सरकून थांबते आणि शेवटी # हे चिन्ह असलेली ओळ येते. कधी या चिन्हानंतरही एखादा उशिरा आलेला संदेश पडतो आणि ओळ हरवल्यासारखी वाटते. एकदा एंटर दाबले की ती पुन्हा दिसते. या क्षणी आपण रूट आहोत. सर्व्हरवर नेटवर्क नाही, सेवा नाहीत, लॉग लिहिणारे कोणी नाही. आहे ते फक्त कर्नल आणि ही एक बॅश.

डिस्क लिहिण्यायोग्य झाली आहे याची खात्री करण्यासाठी पुढील कमांड द्यावी: माउंट, जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून ओ, जागा, रीमाउंट, स्वल्पविराम, आरडब्ल्यू, जागा, आणि शेवटी एक तिरकी रेघ. स्वल्पविरामाच्या पुढे-मागे जागा नसावी. काहीही संदेश न येता नवी ओळ आली तर काम झाले.

आता पासवर्ड बदलायचा. रूटचा बदलायचा असेल तर फक्त ‘पासडब्ल्यूडी’, म्हणजे पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी, टाइप करून एंटर दाबावे. रूट जुना पासवर्ड सांगण्यास बांधील नसतो, त्यामुळे यंत्रणा थेट नवा पासवर्ड दोनदा विचारते. उबुंटूवर मात्र रूटचे खाते मुळातच बंद ठेवलेले असते आणि प्रशासक आपल्या नावाच्या खात्यातून सुडो वापरतो. तेथे रूटला नवा पासवर्ड देऊन एक नवे दार उघडण्यापेक्षा त्या प्रशासकाच्या खात्याचा पासवर्ड बदलावा. त्यासाठी ‘पासडब्ल्यूडी’नंतर एक जागा सोडून खात्याचे नाव लिहावे. नावही आठवत नसेल तर ‘एलएस /होम’ या कमांडने होमखालचे फोल्डर पाहावेत, बहुधा तेथे ते सापडते.

या टप्प्यावर की-बोर्डची मांडणी बहुधा अमेरिकी असते, एरवी यंत्रणेत दुसरी ठेवलेली असली तरी. म्हणून तात्पुरता पासवर्ड फक्त लहान इंग्रजी अक्षरे आणि अंक यांचाच करावा, पण तो सोळा अक्षरांहून कमी नसावा, कारण सर्व्हर नेटवर्कवर येताच त्याच पासवर्डावर बाहेरून हल्ले सुरू होऊ शकतात. चिन्हे असलेला कायमचा पासवर्ड नेहमीच्या लॉगिननंतर ठरवता येतो.

पासवर्ड यशस्वीपणे बदलल्याचा संदेश आला तर ठीक. त्याऐवजी ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’ असे आले, तर त्याचा अर्थ यंत्रणेला शॅडो फाइल लिहिता आली नाही असा असतो. बहुतेक वेळा वरची रीमाउंटची कमांड राहून गेलेली असते. ती देऊनही तोच संदेश आला तर ‘डीएफ’, जागा, ‘-एच’ देऊन डिस्क भरलेली नाही ना ते पाहावे. यंत्रणा आधी नवी फाइल तयार करते आणि मग जुनीच्या जागी ठेवते, त्यामुळे शंभर टक्के भरलेल्या डिस्कवर पासवर्डही बदलत नाही. अशा वेळी /व्हार/लॉग मधली एखादी जुनी, दाबून ठेवलेली नोंदफाइल काढून टाकली की जागा होते.

एसईलिनक्सचा टप्पा

रेड हॅट, रॉकी, अल्मा, फेडोरा यांवर काम येथेच संपले असे समजून सर्व्हर सुरू केला, तर नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारले जाते. या यंत्रणांमध्ये प्रत्येक फाइलवर एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेची खूण असते आणि कोणत्या कार्यक्रमाने कोणत्या खुणेची फाइल वाचावी याचे नियम असतात. आपण बॅशमधून पासवर्ड बदलला तेव्हा ते नियम मेमरीत आलेलेच नव्हते, त्यामुळे नव्याने तयार झालेल्या शॅडो फाइलवर योग्य खूण बसली नाही, आणि लॉगिनच्या कार्यक्रमाला ती फाइल वाचताच येत नाही. एका शिक्षणसंस्थेच्या सर्व्हरवर माझ्याकडून हा टप्पा राहिला होता. मी पासवर्ड चुकीचा टाइप केला असे समजून तीन वेळा सर्व काही पहिल्यापासून केले, आणि त्या दिवशी कार्यालयात प्रवेश-अर्ज भरायला आलेली मुले बाहेर बाकावर बसून होती. ते अजूनही डोळ्यांसमोर आहे, म्हणून हा टप्पा मी वेगळा मथळा देऊन लिहितो आहे.

त्यावरचा उपाय सोपा आहे. पासवर्ड बदलल्यावर, बॅशमध्ये असतानाच, ‘टच’, म्हणजे टी-ओ-यू-सी-एच, एक जागा, आणि मग ‘/.ऑटोरीलेबल’ असे लिहावे. तिरक्या रेघेनंतर लगेच पूर्णविरामाचा टिंब आहे आणि पुढचा शब्द ए-यू-टी-ओ-आर-ई-एल-ए-बी-ई-एल असा सलग आहे. या नावाची रिकामी फाइल दिसली की पुढच्या सुरुवातीला यंत्रणा सर्व फाइलींवर नव्याने खुणा बसवते आणि स्वतःच एकदा पुन्हा सुरू होते. फाइलींच्या संख्येनुसार याला काही मिनिटे लागतात, आणि लाखो फाइली असलेल्या मोठ्या डिस्कवर फार वेळ जाऊ शकतो. त्या काळात वीज तोडू नये.

इतका वेळ परवडणारा नसेल तर दुसरी वाट आहे. ऑटोरीलेबलची फाइल न करता सर्व्हर सुरू करावा, ग्रबच्या त्याच ओळीत या वेळी फक्त ‘एन्फोर्सिंग=०’ एवढेच जोडावे, लॉगिन करावे आणि ‘रीस्टोरकॉन /ईटीसी/शॅडो’ ही कमांड देऊन त्या एकाच फाइलची खूण दुरुस्त करावी. त्यानंतर सर्व्हर नेहमीसारखा पुन्हा सुरू करावा, म्हणजे एसईलिनक्स पूर्ववत लागू होते. एसईलिनक्स कायमचे बंद करून टाकणे हा या अडचणीवरचा उपाय नव्हे.

बॅशमधून बाहेर पडणे

येथे ‘एक्झिट’ टाइप करू नये. ही बॅश पहिली प्रक्रिया असल्यामुळे ती बंद होताच कर्नलला चालवायला काही उरत नाही आणि तो पॅनिकचा संदेश देऊन थांबतो. नेहमीची ‘रीबूट’ कमांडही येथे चालत नाही, कारण ती सिस्टमडीशी बोलते आणि सिस्टमडी चालू नाही. त्याऐवजी ‘एक्झेक /एसबिन/इनिट’ असे लिहावे. यामुळे बॅश आपली जागा सिस्टमडीला देते आणि सर्व्हर पुढे नेहमीसारखा सुरू होतो. हे न जमल्यास आधी ‘सिंक’ आणि मग ‘रीबूट -एफ’ या दोन कमांड द्याव्यात. सिंक विसरू नये; नवा हॅश मेमरीतून डिस्कवर उतरला पाहिजे.

ग्रबनेच पासवर्ड विचारला तर

काही काळजीपूर्वक बसवलेल्या सर्व्हरवर ई दाबताच ग्रब स्वतःचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड मागतो. तो माहीत नसेल तर बाहेरून सुरू होणारी दुसरी यंत्रणा वापरावी लागते. उबुंटूच्या इन्स्टॉलेशनची प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, सर्व्हर त्यावरून सुरू करावा आणि टर्मिनल उघडून ‘सुडो -आय’ने रूट व्हावे. ‘एलएसबीएलके’ ही कमांड सर्व डिस्क आणि पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, त्यांच्या आकारासह दाखवते. सर्व्हरची मुख्य यंत्रणा कोणत्या पार्टिशनवर आहे ते आकारावरून ओळखता येते. ते ‘माउंट’ कमांडने /एमएनटी या जागी जोडावे आणि आत ‘ईटीसी’ नावाचा फोल्डर आहे का ते पाहावे. यंत्रणा एलव्हीएमवर (डिस्कच्या जागेची लवचीक वाटणी करणारी सोय) असेल आणि पार्टिशन दिसत नसेल तर आधी ‘व्हीजीचेंज -एवाय’ द्यावी, आणि सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत) असेल तर ‘एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन’ द्यावी. मग ‘माउंट --बाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह’ या कमांडने उपकरणांचा फोल्डर आत उपलब्ध करून द्यावा, ‘सीएच-रूट /एमएनटी’, म्हणजे सी-एच-आर-ओ-ओ-टी, देऊन त्या यंत्रणेच्या आत शिरावे, आणि पुढे पासडब्ल्यूडी व गरजेप्रमाणे ऑटोरीलेबल हे वर सांगितल्याप्रमाणेच करावे. येथे मात्र ‘एक्झिट’ने बाहेर पडणे बरोबर आहे. पेन ड्राइव्ह काढून सर्व्हर पुन्हा सुरू करावा.

डिस्क लक्स या लिनक्सवरच्या पद्धतीने कूटबद्ध केलेली असेल तर गोष्ट वेगळी आहे. तेथे डिस्क उघडण्याचा वेगळा पासफ्रेज असतो. तो माहीत असेल तर वरची सर्व पद्धत जशीच्या तशी लागू पडते. तो हरवला असेल आणि लक्समध्ये किल्ल्या ठेवण्याचे जे खण असतात त्यांतल्या दुसऱ्या एखाद्या खणात राखीव किल्ली ठेवलेली नसेल, तर आतली माहिती परत मिळत नाही. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत असे आठ खण असतात. त्यांपैकी एकात दुसऱ्या जबाबदार माणसाचा पासफ्रेज आधीच घालून ठेवता येतो, आणि तो घातलेला आहे का हे आजच पाहून ठेवावे.

आभासी आणि क्लाउडवरचे सर्व्हर

सर्व्हर स्वतःच्या यजमान यंत्रावर आभासी स्वरूपात चालत असेल तर काम फार हलके होते. प्रॉक्समॉक्स या आभासी यंत्रे चालवणाऱ्या यंत्रणेवर कंटेनर असल्यास यजमानावरून ‘पीसीटी एंटर’ आणि कंटेनरचा क्रमांक दिला की आपण थेट आत रूट म्हणून उभे राहतो. पूर्ण आभासी यंत्रात क्यूईएमयूचा पाहुणा-एजंट, म्हणजे यजमानाच्या सूचना आत पाळणारा छोटा कार्यक्रम, चालू असल्यास ‘क्यूएम गेस्ट पासडब्ल्यूडी’ने, यंत्र न थांबवता पासवर्ड बदलता येतो. केव्हीएम या लिनक्समधल्या आभासी यंत्रांच्या सोयीवर यंत्र बंद ठेवून ‘व्हर्ट-कस्टमाइझ’ या साधनाने डिस्कच्या फाइलमध्येच नवा पासवर्ड लिहिता येतो; यंत्र चालू असताना हे केल्यास डिस्क खराब होऊ शकते.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या क्लाउड सेवेच्या पोर्टलवर आभासी यंत्राचा पासवर्ड बदलण्याची तयार सोय आहे. ॲमेझॉनच्या ईसीटू या क्लाउड सेवेवर बहुधा पासवर्ड नसून एसएसएचची किल्ली हरवलेली असते. तेथे यंत्र थांबवून त्याची मूळ डिस्क सोडवावी, ती दुसऱ्या चालू यंत्राला जोडावी, संबंधित खात्याच्या ‘.एसएसएच’ फोल्डरमधल्या ‘ऑथराइज्ड_कीज’ या फाइलमध्ये नवी सार्वजनिक किल्ली लिहावी आणि डिस्क परत मूळ जागी, मूळ उपकरणनावानेच जोडावी. यंत्र थांबवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: इन्स्टन्स स्टोअर या तात्पुरत्या साठ्यातली माहिती थांबवताच नष्ट होते, आणि इलॅस्टिक, म्हणजे न बदलणारा, पत्ता घेतलेला नसेल तर पुन्हा सुरू केल्यावर सार्वजनिक आयपी पत्ता बदलतो.

लॉगिन झाल्यावर

नव्या पासवर्डने प्रथम सर्व्हरच्याच पडद्यावर लॉगिन करावे. दुरून एसएसएचने रूट म्हणून जायचा प्रयत्न फसला तर पासवर्ड चुकला असे समजू नये, कारण ओपनएसएसएचच्या ७.० या २०१५ सालच्या आवृत्तीपासून रूटला पासवर्डने दुरून येण्यास मूळ मांडणीतच मनाई आहे. आधीच्या प्रयत्नांनी खाते कुलूपबंद झाले असेल तर ‘फेललॉक --यूजर’, खात्याचे नाव, ‘--रीसेट’ या कमांडने ते मोकळे करावे. ‘चेज -एल’ (चेज म्हणजे सी-एच-ए-जी-ई) आणि खात्याचे नाव दिल्यास पासवर्ड शेवटचा कधी बदलला आणि त्याची किंवा खात्याची मुदत संपली आहे का हे कळते.

त्यानंतर सर्व सेवा सुरू झाल्या आहेत का ते ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ने पाहावे. जुन्या उबुंटूवर एखाद्याचे होम फोल्डर ईक्रिप्टएफएसने कूटबद्ध केलेले असेल, तर रूटने पासवर्ड बदलल्यावर ते आपोआप उघडत नाही, कारण त्याची किल्ली जुन्या पासवर्डात गुंडाळलेली असते. अशा खात्याचा पासवर्ड बदलण्यापूर्वी त्या माणसाशी बोलून घ्यावे. डेटाबेसचा रूट आणि यंत्रणेचा रूट हे दोन वेगळे वापरकर्ते आहेत, म्हणून डेटाबेसचा पासवर्ड या कामाने बदलत नाही. मात्र मारियाडीबीच्या १०.४ पासून पुढच्या आवृत्त्यांत यंत्रणेच्या रूटला मूळ मांडणीप्रमाणे पासवर्डशिवाय डेटाबेसमध्ये जाता येते.

तात्पुरता पासवर्ड लगेच बदलावा आणि नवा पासवर्ड कीपासएक्ससी किंवा बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड-व्यवस्थापकात नोंदवावा. केलेल्या कामाची तारीख, वेळ, परवानगी देणाऱ्याचे नाव आणि दिलेल्या कमांड एका कागदावर लिहून संस्थेच्या नोंदींत ठेवाव्यात, कारण बॅशमधल्या त्या दहा मिनिटांची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये कोठेही उरत नाही.

दार पुन्हा बंद करणे

जे आपण दहा मिनिटांत केले, ते सर्व्हरच्या खोलीत शिरलेला कोणीही करू शकतो. म्हणून रेड हॅट घराण्यावर ‘ग्रब२-सेटपासवर्ड’ या कमांडने ग्रबला पासवर्ड द्यावा, फर्मवेअरला पासवर्ड देऊन पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याची सोय बंद करावी, आणि खोलीला कुलूप असावे. फर्मवेअरचा पासवर्ड अनेक यंत्रांवर मदरबोर्डच्या जंपरने पुसता येतो, त्यामुळे खोलीचे कुलूप हेच या तिघांतले सर्वांत भरवशाचे आहे. माहिती खरोखर संवेदनशील असेल तर लक्सला पर्याय नाही.

सुडोचा अधिकार असलेली किमान दोन माणसांची, दोन वेगळ्या नावांची खाती असावीत. एकच पासवर्ड चौघांना माहीत असणे ही सोय नाही, कारण चौघांपैकी एकाने तो बदलला की बाकीचे तिघे बाहेर पडतात. रूट, ग्रब, फर्मवेअर, आयड्रॅक आणि लक्स यांचे पासवर्ड एका कागदावर स्पष्ट अक्षरात लिहून, शून्य आणि ओ, एक आणि एल यांतला फरक खुणेने दाखवून, तो कागद लिफाफ्यात मोहोरबंद करावा आणि संस्थेच्या तिजोरीत ठेवावा. दर सहा महिन्यांनी, हे काम रोज न करणाऱ्या माणसाने तो लिफाफा उघडून, सर्व्हरच्या पडद्यासमोर उभे राहून, त्यातला प्रत्येक पासवर्ड एकदा चालवून पाहावा, मग ते सर्व बदलून नवा कागद नव्या लिफाफ्यात घालावा आणि त्यावर तारीख टाकून सही करावी.